पोलिसांची गाडी सुसाट गेली तर तक्रार कशी करायची: कोकणातल्या माणसांसाठी पहिल्यापासून शेवटपर्यंत

कोकणात रस्त्याला लागून घर असलेल्या माणसाला हा विषय समजवावा लागत नाही. मुंबई-गोवा हायवेवर चौपदरी पट्टा लागला की सगळेच सुटतात, पण जीव खरा घाबरतो तो आतल्या रस्त्यांवर, म्हणजे रेवस-रेड्डी सागरी मार्ग म्हणा किंवा हायवेवरून बंदराकडे उतरणारे फाटे म्हणा, एका बाजूला जांभ्याचा गडगा, दुसरीकडे गटार, मधे दोन गाड्या जेमतेम पास होतील एवढाच डांबर आणि त्यातूनच शाळेची पोरं, म्हावरंवाल्या बायका आणि पावसाळ्यात रस्त्यावर बसलेली गुरं. तिथून पोलिसांचीच गाडी शंभरने गेली की लोक म्हणतात, "कोणाला सांगणार? चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायची." सांगता येतं. कोणाला, कशा शब्दांत आणि कुठल्या क्रमाने ते खाली लिहितोय, कारण बहुतेक तक्रारी मुद्दा खोटा म्हणून पडत नाहीत, "पोलीस नेहमी जोरात जातात" असं मोघम लिहिल्यामुळे पडतात. तक्रार एका गाडीची, एका ठिकाणची आणि एका मिनिटाची असली पाहिजे. ही एक गोष्ट धरून ठेवा, बाकी सगळं तिच्यातूनच येतं.

आधी बघा, त्या गाडीला सूट होती का

पोलिसांच्या गाडीला वेगात सूट मिळते हे खरं आहे, पण ती खाकी वर्दीला नाही, त्या वेळच्या कामाला आहे. २०१७ च्या ड्रायव्हिंग रेग्युलेशन्सप्रमाणे फायर ब्रिगेड, अँब्युलन्स, पोलीस अशा गाड्या खऱ्या इमर्जन्सीच्या कामावर असतील, सायरन आणि दिवे लावले असतील तर वेगमर्यादा ओलांडू शकतात, सिग्नल तोडू शकतात, आणि तेव्हासुद्धा दुसऱ्याच्या जिवाची काळजी घेऊनच. म्हणजे ११२ ला फोन गेलाय, कशेडीला अपघात झालाय आणि गाडी सायरन वाजवत चालली आहे तर गपचूप कडेला व्हा आणि वाट द्या, तिथे तक्रारीचा विचारही नको, त्या गाडीत कोणाचा तरी जीव वाचवायला निघालेली माणसं आहेत.

म्हणून तीन गोष्टी लगेच टिपायच्या: सायरन होता का, वरचे लाल-निळे दिवे चालू होते का, आणि गाडी पुढे कुठे थांबली. तिसरी गोष्ट लोक बघतच नाहीत आणि तीच सगळ्यात बोलकी असते. आमच्याकडे एका वळणावर एसटीची शेड आहे, तिथे एक म्हातारी मावशी म्हावऱ्याची टोपली डोक्यावर घेऊन अक्षरशः गडग्याला पाठ लावून उभी राहिली एवढ्या जवळून पोलिसांची बोलेरो गेली, सायरन नाही, दिवा नाही, आणि तीच गाडी अर्ध्या किलोमीटरवर टपरीपाशी चहाला उभी होती. मावशी एवढंच म्हणाली, "माका वाटला गेलंय मी." टपरीजवळ उभ्या असलेल्या गाडीचा लांबूनच काढलेला, वेळ दिसणारा एक फोटो पानभर वर्णनापेक्षा जास्त काम करतो.

पोलिसाची स्वतःची खाजगी गाडी असेल, काचेत "पोलीस" ची पाटी ठेवलेली, तर प्रश्न फार सोपा आहे. त्या पाटीला वेगाच्या बाबतीत काडीची किंमत नाही, ती गाडी तुमच्या-माझ्या गाडीसारखीच.

कायदा काय म्हणतो

वेगमर्यादा केंद्राने एप्रिल २०१८ च्या नोटिफिकेशनने ठरवल्या आहेत. कार-जीपसारख्या गाड्यांना दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर ताशी १००, नगरपालिका हद्दीत ७० आणि बाकीच्या साध्या रस्त्यांवर ७०. ही वरची मर्यादा झाली, स्थानिक पातळीवर बोर्ड लावून ती ४० किंवा ३० वर आणता येते, म्हणून तुमच्या वळणाच्या आधी बोर्ड असेल तर त्याचाही फोटो काढून ठेवा.

जास्त वेगासाठी मोटार वाहन कायद्याचं कलम १८३ आहे, हलक्या वाहनाला एक ते दोन हजार दंड. धोकादायक चालवण्यासाठी कलम १८४, त्यात कैदही आहे, आणि चालवताना हातात मोबाईल धरणं, चुकीचं ओव्हरटेक करणं हेही त्यातच बसतं. आणि आता ते कलम जे फार कमी लोकांना माहीत आहे: २१०-बी. २०१९ च्या दुरुस्तीत आलं. हा कायदा राबवण्याचा अधिकार ज्यांना दिलाय त्यांनीच तो मोडला तर त्या गुन्ह्याचा दंड दुप्पट. म्हणजे संसदेनेच लिहून ठेवलंय की पकडणाऱ्याची जबाबदारी जास्त. तक्रारीत हे कलम नंबरासकट लिहायचंच, त्याने वाचणाऱ्याला कळतं की समोरचा माणूस अभ्यास करून आलाय.

आणखी एक कलम, १३३. अधिकृत पोलीस अधिकाऱ्याने विचारलं तर ती गाडी कोण चालवत होतं ते गाडीच्या मालकाने सांगणं बंधनकारक आहे. सरकारी जीपचा मालक म्हणजे खातं. त्यामुळे "ड्रायव्हर कोण होता ते समजून येत नाही" हे उत्तर चालत नाही. ड्रायव्हर शोधणं तुमचं काम नाहीच.

पुरावा कसा गोळा करायचा

पहिला नियम, पाठलाग करायचा नाही. कधीच नाही. ९५ ने जाणाऱ्या गाडीच्या मागे राहायला तुम्हाला ९५ नेच जावं लागतं, म्हणजे डॅशकॅममध्ये पहिला गुन्हा तुमचा रेकॉर्ड होणार, आणि भोस्ते किंवा परशुराम घाटात असला खेळ करायला जाल तर तक्रार करायला राहणार नाही. बाईकवरून एका हाताने शूटिंग तर विचारातही आणू नका.

उभं राहून, आपल्या अंगणातून किंवा दुकानातून पुरावा मिळतो आणि तो जास्त पक्का असतो. रस्त्यावरच्या दोन न हलणाऱ्या खुणा धरा, मोरी आणि शेड, किंवा विजेचे दोन पोल. रहदारी नसताना त्यांच्यातलं अंतर टेपने मोजा, ग्रामपंचायतीत लांब टेप असतो, आणि मोजतानाही फोटो काढा. कॅमेरा रस्त्याला आडवा, दोन्ही खुणा एकाच फ्रेममध्ये येतील असा फिक्स ठेवा. मग गाडी पहिल्या खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत किती सेकंदात गेली ते व्हिडिओ हळू चालवून बघा. मीटरला सेकंदाने भागा आणि ३.६ ने गुणा, ताशी किलोमीटर मिळतात.

समजा मोरी ते शेड १२० मीटर आहे आणि गाडीला ४.२ सेकंद लागले. हिशोब येतो जवळपास १०३. पण तक्रारीत १०३ लिहू नका. टेप दोन मीटरने चुकला असेल आणि व्हिडिओ बघताना ०.२ सेकंदाची चूक झाली असेल असं धरून परत काढा: ११८ भागिले ४.४, गुणिले ३.६, म्हणजे ९६ च्या वर. तक्रारीत लिहा "किमान ९६". आपल्याच आकड्यातून आपणच सूट वजा केली की समोरच्याला खोडायला जागा राहत नाही. या हिशोबावर ई-चलन फाटत नाही हेही समजून घ्या, चलनासाठी प्रमाणित यंत्र लागतं, पण वरिष्ठांनी त्या गाडीचं लॉगबुक मागवावं इतपत कारण नक्कीच होतं.

दुसरी पद्धत सरासरी वेगाची. पेट्रोल पंपाच्या सीसीटीव्हीत गाडी दिसली, चौदा किलोमीटरवरच्या हॉटेलच्या सीसीटीव्हीतही दिसली, मधे आठ मिनिटं, तर सरासरीच १०५ झाली, कुठेतरी त्याहून जास्तच असणार. अमेरिकेत फ्लोरिडाच्या सन सेंटिनेल या पेपरने नेमकं हेच केलं होतं. २०११ मध्ये तिथल्या हायवे पोलीसवाल्या एका महिला अधिकाऱ्याने ताशी १२० मैलाने जाणाऱ्या मायामी पोलिसाला अडवलं, त्यानंतर पेपरने पोलिसांच्या गाड्यांचे टोलनाक्याचे रेकॉर्ड सरकारकडून मागवले, दोन नाक्यांमधलं अंतर स्वतः मोजलं आणि वेळेने भागलं. जवळपास आठशे पोलीस ताशी ९० ते १३० मैलाने, म्हणजे १४५ ते २१० किलोमीटरने, गाडी चालवताना सापडले, त्यातले बरेच ड्युटी संपवून घरी जाताना. २०१३ चं पुलित्झर मिळालं त्या बातमीला. सरकारी कागद आणि शाळेतलं गणित, एवढंच भांडवल होतं.

मात्र आपल्याकडे सीसीटीव्हीची घड्याळं दहा-दहा मिनिटं मागेपुढे असतात, म्हणून फुटेज घेताना त्या स्क्रीनवरची वेळ आणि तुमच्या मोबाईलवरची वेळ एकाच फोटोत घ्या. आणि घाई करा, बऱ्याच डीव्हीआरमध्ये दोन-चार आठवड्यांत जुनं पुसून नवं चढतं. पंपवाला ओळखीचा असला तरी लेखी विनंती द्या, त्यालाही उद्या विचारलं तर दाखवायला कागद हवा.

ओरिजिनल फाईल मोबाईलमधून हलवू नका, व्हॉट्सॲपवर पाठवलेली कॉपी दबते आणि तिची मूळ माहिती जाते. प्रकरण कोर्टात गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं, जुनं ६५-बी म्हणायचे ते, त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे कॉम्प्युटरने काढलेला तिचा ओळख-आकडा, द्यावी लागते, फाईल जरा बदलली की तो बदलतो. ओरिजिनल असेल तरच तिला अर्थ.

व्हिडिओ काढला म्हणून आत टाकतील ही भीती सगळ्यांना असते, "३५३ लावतील" हे वाक्य तर पाठच आहे. जुनं ३५३ आता भारतीय न्याय संहितेत १३२ झालंय आणि त्यासाठी सरकारी नोकरावर हल्ला किंवा बळाचा वापर लागतो. सार्वजनिक रस्त्यावर लांब उभं राहून शूट करणं त्यात बसत नाही. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने तर २०२२ मध्ये सांगितलंय की पोलीस स्टेशनसुद्धा ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्टखालची प्रतिबंधित जागा नाही. पण गाडी अडवू नका, समोर आडवे जाऊ नका, हात लावू नका, शिवी देऊ नका. आणि ज्या दिवशी अर्ज देणार त्याच्या आधी स्वतःचं लायसन, इन्शुरन्स, पीयूसी, हेल्मेट सगळं जागेवर आहे का बघा, पहिली तपासणी तुमचीच होऊ शकते.

अर्ज कुठे द्यायचा

जवळच्या पोलीस स्टेशनला तोंडी सांगून काही होत नाही, बऱ्याचदा गाडी तिथलीच असते. पोलीस पाटलांना कानावर घाला, गावात तेवढं राखलं पाहिजे, पण लेखी अर्ज त्यांच्या हातात देऊ नका.

जिल्हा पोलिसांची गाडी असेल तर अर्ज थेट पोलीस अधीक्षकांना, म्हणजे रायगडचं अलिबाग, रत्नागिरीचं रत्नागिरी आणि सिंधुदुर्गचं ओरोस. एक प्रत तुमच्या भागातल्या उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांना, आपण डीवायएसपी म्हणतो ते, आणि एक नवी मुंबईला कोकण परिक्षेत्राच्या विशेष पोलीस महानिरीक्षकांना. गाडी हायवे पोलिसांची असेल, कशेडी टॅप, हातखंबा टॅप वगैरे (टॅप म्हणजे हायवे पोलिसांची रस्त्यावरची चौकी), तर रस्ता वेगळा, कारण ते जिल्हा एसपींच्या हाताखाली नसतात, त्यांचा अर्ज महामार्ग पोलिसांचे अधीक्षक आणि वर मुंबईला अपर पोलीस महासंचालक, वाहतूक यांच्याकडे जातो. इथे चुकलात तर "आमच्या अखत्यारीत येत नाही" म्हणून महिनाभराने अर्ज परत येईल. गाडीवर काय लिहिलंय ते म्हणून नीट वाचा. पाटी लावलेल्या खाजगी गाडीसाठी एसपींबरोबरच आरटीओला अर्ज द्या, एमएच ०६ ला पेण, ०७ ला ओरोस, ०८ ला रत्नागिरी, आणि महाट्रॅफिक ॲपवरून फोटोसकट रिपोर्टही टाका.

अर्जाचा मजकूर छोटा ठेवा. असा:

"दि. ____ रोजी दुपारी ____ वाजता मौजे ____ येथील एसटी शेडजवळ पोलीस वाहन क्र. एमएच ०८ ____ हे ____ दिशेने सोबतच्या व्हिडिओप्रमाणे ताशी किमान ९६ कि.मी. वेगाने गेले. त्या ठिकाणी वेगमर्यादा ____ आहे, बोर्डाचा फोटो जोडला आहे. सायरन व दिवे बंद होते. त्यानंतर ____ वाजता हेच वाहन ____ येथे उभे होते, फोटो जोडला आहे. सदर वेळी वाहन तातडीच्या कर्तव्यावर होते का याची लॉगबुक, स्टेशन डायरी व नियंत्रण कक्षाच्या नोंदींवरून पडताळणी करावी, नसल्यास मोटार वाहन कायदा कलम १८३, १८४ व २१०-बी प्रमाणे कार्यवाही करावी आणि केलेली कार्यवाही मला लेखी कळवावी."

बघा, यात कोणा माणसाचं नाव नाही, "मुजोर", "हप्तेखोर" असले शब्द नाहीत, आणि कर्तव्यावर असण्याची शक्यता आपणच मोकळी ठेवली आहे. रागाचा शब्द एकसुद्धा आला की उत्तर त्या शब्दाला मिळतं, मुद्दा बाजूला राहतो.

अर्ज हातोहात दिलात तर आवक नंबर आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका, नाहीतर स्पीड पोस्टने पाठवून पावती जपा. सोबत आपले सरकार पोर्टलवरही टाका, तिथला टोकन नंबर पुढे कामाला येतो.

गावात एकट्याने सही करणं जड जातं, मला मान्य आहे, शेवटी उद्या पासपोर्टच्या व्हेरिफिकेशनला त्याच स्टेशनात जायचंय. म्हणून शक्य असेल तिथे ग्रामसभेचा ठराव घ्या. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवसांच्या ग्रामसभा सगळ्यांना माहीतच आहेत. ठरावात वळणावर रम्बलर, वेगाचा बोर्ड आणि "सर्व शासकीय वाहनांनीही मर्यादा पाळावी" हे घ्या, आणि तो कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला पाठवा. गणपती आणि शिमग्याच्या आधी पाठवलात तर बरं, तेव्हा चाकरमानी येतात, बंदोबस्ताच्या गाड्याही वाढतात आणि अधिकारी या विषयावर बैठका घेतच असतात.

मंत्र्यांच्या ताफ्याची पायलट गाडी असेल तर दौऱ्याचा कार्यक्रम जिल्हा माहिती कार्यालयाकडून छापून येतो, तो कापून अर्जाला जोडा. उद्घाटनाला उशीर होणं ही इमर्जन्सी नाही.

उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार

महाराष्ट्रात दप्तर दिरंगाईचा कायदा आहे, २००५ चा, त्याप्रमाणे साधारणपणे कुठल्याही सरकारी नोकराकडे फाईल सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. पंधरा-वीस दिवस थांबून त्याचा उल्लेख करत एक स्मरणपत्र द्या आणि त्याच दिवशी आरटीआय टाका.

आरटीआयमध्ये सगळ्यात मोठी चूक म्हणजे "संबंधित कर्मचाऱ्यावर काय शिक्षा केली" असं विचारणं. सुप्रीम कोर्टाने २०१२ च्या गिरीश देशपांडे निकालात कर्मचाऱ्याचे मेमो, शिक्षा वगैरे वैयक्तिक माहिती धरली आहे, त्यामुळे नकार जवळजवळ तयारच असतो. माणसाबद्दल विचारू नका, गाडीबद्दल विचारा. गाडी सरकारची, डिझेल आपल्या पैशाचं, तिला खाजगी आयुष्य नसतं.

महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा नाहीतर ऑनलाईन भरा. एसपी ऑफिसच्या जन माहिती अधिकाऱ्यांना एवढंच विचारा: अमुक नंबरच्या वाहनाचं अमुक तारखेचं लॉगबुकचं पान, प्रमाणित प्रत; त्या दिवशी वाहन कोणत्या कामासाठी दिलं त्या नोंदीची प्रत; आणि त्या वाहनावर मागच्या दोन वर्षांत झालेली ई-चलनं, तारीख, ठिकाण, कलम, रक्कम आणि भरली की नाही. ई-चलनाचं मुद्दाम मागायचं, कारण पोर्टलवर गाडी नंबरबरोबर चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे लागतात, ते तुमच्याकडे नसणार. गाडी ११२ ची असेल तर तिच्यात जीपीएस असतं, त्या तासाभराचं लोकेशन आणि तिला दिलेल्या कॉलची वेळ मागा, कॉल करणाऱ्याचं नाव नको असं स्वतःच लिहा.

लॉगबुकच्या पानावर किती वाजता निघाली, कुठे गेली, किलोमीटर सुरुवातीचे आणि शेवटचे, कामाचं कारण आणि सही असते. पान हातात आलं की तुमच्या व्हिडिओची वेळ शेजारी ठेवून बघा. "नियमित पेट्रोलिंग" लिहिलं असेल तर इमर्जन्सीचा मुद्दा तिथेच संपला. व्हिडिओत गाडी तुमच्या गावात आणि लॉगबुकात चाळीस किलोमीटर दुसरीकडे, असं निघालं तर तो वेगापेक्षा फार मोठा विषय आहे, त्याचा वेगळा अर्ज करा.

तीस दिवसांत उत्तर नाही किंवा "तपास चालू आहे, कलम ८ प्रमाणे नाकारलं" असं आलं तर त्यापुढच्या तीस दिवसांत त्याच ऑफिसमध्ये पहिलं अपील, वीस रुपयांचा स्टॅम्प. चौकशी नुसती चालू असणं हे नकाराचं कारण होत नाही, माहिती दिल्याने चौकशीला अडथळा कसा येतो ते त्यांनी दाखवायचं असतं, दिल्ली हायकोर्टाने २००७ मध्येच सांगितलंय, अपिलात लिहा. त्यानेही नाही झालं तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे दुसरं अपील. तिथे नंबर लागायला वेळ जातो, धीर धरा, पण अपील टाकून ठेवा.

तक्रार केल्यावर कोणी घरी येऊन दम दिला, उगाच स्टेशनला बसवून ठेवलं, पैसे मागितले किंवा हात उचलला, तर ते प्रकरण आता वेगाचं राहिलं नाही. त्यासाठी पोलीस तक्रार प्राधिकरण आहे, सुप्रीम कोर्टाच्या २००६ च्या प्रकाश सिंग निकालानंतर महाराष्ट्र पोलीस कायद्यात २०१४ ला आणलेलं. नुसत्या वेगाची तक्रार घेऊन तिथे जाऊ नका, पण बेकायदा अडकवणं, मारहाण, खंडणी यासाठी जरूर जा. दम दिला ती तारीख, वेळ, कोण साक्षीदार, हे त्याच रात्री वहीत लिहून ठेवा.

आणि देव करो असं न होवो, पण पोलीस गाडीने कोणाला उडवलंच तर वरचं सगळं सोडून आधी एफआयआर. स्टेशनने घेतला नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे एसपींना लेखी, मग मॅजिस्ट्रेट. सरकारी गाड्यांना इन्शुरन्समधून सूट मिळू शकते, त्यामुळे "इन्शुरन्स नाही, काही मिळणार नाही" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, भरपाईचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात थेट राज्य सरकारवर लावता येतो, कायद्याने मुदत सहा महिन्यांची आहे, वकील लगेच गाठा.

शेवटी बहुतेकांना जे पत्र येतं त्याबद्दल. "आपल्या तक्रारीची चौकशी केली असता त्यात तथ्य आढळून आले नाही, सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे." दोन ओळी, खाली सही. हे आलं की फाईल बंद करून टाकू नका. नवा आरटीआय, विषय एकच: त्या चौकशी अहवालाची प्रत, त्यात तपासलेल्या कागदांची यादी आणि माझा व्हिडिओ पाहिल्याची नोंद. ज्यांचे जबाब घेतले त्यांची नावं झाकून द्या असं आपणच लिहायचं. लॉगबुक न बघताच "तथ्य नाही" लिहिलं असेल तर ते त्या यादीत दिसतं, आणि मग ती यादी जोडून तोच अर्ज कोकण परिक्षेत्राच्या महानिरीक्षकांकडे पुन्हा द्यायचा, यावेळी विनंती एकच, लॉगबुक पाहून फेरचौकशी.